डावी विंग

मुकादम डावीकडे बघत होता. डावीकडे सिमेंटची टाकी होती, टाकीवर वाळत घातलेली दोन पोती होती. बाकी काही नव्हतं.

"वेणूबाई, याला तिकडे काय दिसतंय?" वैजयंतीने विचारलं.

"काय न्हाय वो ताई. त्याचं असंच असतंय." वेणूबाईने जाळीखालून भाकरी सरकवली. "बसतंय, सुस्कारा सोडतंय, मग तिकडं बगत ऱ्हातंय. कुनी हाक मारल्यागत."

खांदेश्वरच्या पुढे, पत्र्याच्या शेडमध्ये, बेवारस कुत्र्यांचा हा निवारा होता. वेणूबाई त्याची सगळी व्यवस्था बघे. नवऱ्याने, सुधीरने, नाटकाच्या तालमीसाठी इथून नेलेली जर्मनची वाटी परत द्यायला वैजयंती आली होती. सुधीर जानेवारीत गेला. वाटी द्यायची आणि निघायचं, एवढंच तिने ठरवलं होतं, कारण कुत्र्यांची तिला पहिल्यापासून भीती. पण मुकादम तिच्यासमोर बसला आणि तिचा पाय निघेना.

त्याने मागचा एक पाय बाजूला टाकला, अंग थोडं थोडं खाली सोडलं आणि मान खाली घालून नाकातून लांब श्वास सोडला. कामावरून आल्यावर सुधीर दिवाणावर असाच बसे. लग्नापासून ती ते बघत आली होती.

सुधीर वाशीच्या मार्केटात एका आडत्याकडे कारकून होता, ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये. संध्याकाळी दोघं एका हौशी नाटक मंडळीत जात. त्याला निरोप्याची, शेजाऱ्याची कामं मिळत. ती प्रॉम्प्टिंग करी, तेही कायम डाव्या विंगेतून, कारण त्याला उजव्या कानाने कमी ऐकू यायचं.

शेवटच्या नाटकात मात्र त्याला मुख्य काम मिळालं. निवाऱ्यातली पाच कुत्री नव्या घराची वाट बघतायत, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांची टिंगल करतायत, असं ते विनोदी नाटक होतं. सुधीर त्यातला सगळ्यात जुना कुत्रा. अभ्यासाला म्हणून तो दर रविवारी इथे येऊन मुकादमच्या पिंजऱ्यासमोर आपली वाक्यं म्हणत बसे. मुकादम मार्केटच्या कांदा-बटाट्याच्या गाळ्यांत सापडलेला. येणाऱ्याजाणाऱ्यावर लक्ष ठेवायचा, म्हणून ते नाव.

शेवटच्या प्रवेशात जुन्या कुत्र्याला कोणीतरी न्यायला येतं. तेव्हा तो म्हणतो, "इतकी वर्षं हे दार मी बाहेर ढकलत होतो. हे तर आत उघडतं!" सुधीर प्रत्येक तालमीत 'ढकलत होतो'वर अडे आणि डावीकडे बघे.

आता मुकादम टाकीकडे बघत होता, कान किंचित पुढे.

"हे तर आत उघडतं," वैजयंती पुटपुटली.

मुकादमची मान सरळ झाली. त्याने हनुवटी पंजांवर ठेवली आणि डोळे मिटले.

वैजयंतीने वाटी जाळीपाशी ठेवली आणि ती निघाली.

एकदा आलेलं रीडिंग धरायचं नाही, ही लॅबमधली सवय. पुढच्या रविवारी ती मुद्दाम पिंजऱ्याच्या उजवीकडे उभी राहिली. मुकादमने तिच्याकडे एकदा बघितलं, मग बसला, सुस्कारा सोडला आणि टाकीकडेच बघू लागला. नंतर ती टाकीजवळ जाऊन उभी राहिली. आता तो थेट तिच्या डोळ्यांत बघत होता. शेडमधली बाकीची कुत्री भुंकायची थांबली होती. नळाचं थेंबथेंब पाणी तेवढं ऐकू येत होतं.

घरी येऊन तिने विचार केला. एक माणूस दर रविवारी तेच वाक्य म्हणतो, त्याच जागी थांबतो, त्याच बाजूला बघतो. कुत्री माणसाची नजर धरायला शिकतात. एवढं पटत होतं. पण तालमीत सुधीर डावीकडे बघे ते तिच्यासाठी. इथे तर ती कधी आलीच नव्हती.

"भाऊ बी तिकडंच बगायचे की," पुढच्या खेपेला तिने विचारलं तेव्हा वेणूबाईने सांगितलं. "मी इचारलं, भाऊ, पानी पायजे का? तर हसायला लागले. म्हनले, 'आमची मंडळी तिकडं उभी असते.'"

त्याच दिवशी वैजयंतीने सानपाड्याच्या दुकानातून कुत्र्याचा पट्टा विकत घेतला. मुलीला, सईला, फोनवर सांगितलं.

"आई, तू? कुत्रं पाळणार? अगं, सोसायटीतल्या मांजराला बघून तू लिफ्ट सोडतेस!"

"हे वेगळं आहे."

"वेगळं म्हणजे? भुंकत नाही का?"

"प्रयोग झाला की घेऊन येते," एवढंच वैजयंती म्हणाली. वेणूबाईला मात्र तिने काही सांगितलं नाही. सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

निवाऱ्यातल्या कुत्र्यांना घरं मिळावीत म्हणून मंडळींनी नाटक निवाऱ्याच्या आवारातच ठेवलं होतं. रविवारची सकाळ, मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या. सुधीरचं काम आता आशुतोषकडे होतं, विमा कंपनीतला गुबगुबीत मुलगा. गळ्यात पट्टे अडकवलेली पाच माणसं चार पायांवर आली आणि भुंकू लागली. प्रेक्षक हसले. शेडमधली खरी कुत्री मात्र एकदम गप्प झाली. सगळी जाळीपाशी येऊन, ओळीने उभी राहून बघत होती. हळूहळू प्रेक्षकांनी मागे वळून ते बघितलं आणि हसू विरलं.

"बापरे, ही क्रिटिक आहेत की काय!" आशुतोषने पदरचं वाक्य टाकलं, तेव्हा कुठे लोक पुन्हा हसले.

शेवटचा प्रवेश आला. "इतकी वर्षं हे दार मी बाहेर ढकलत होतो..." आशुतोषने हशासाठी जागा सोडली. तो विसरला नव्हता. पण वैजयंती डाव्या विंगेतून सवयीने बोलून गेली, "हे तर आत उघडतं." शेडमधून लांब सुस्कारा ऐकू आला.

कुत्रं द्यायची तिथली रीत ठरलेली होती. कुत्रं माणसाने निवडायचं नाही. ज्यांना हवं त्यांनी जमिनीवर बसायचं, तळहात पसरायचा, हाक मारायची नाही. पिंजरे उघडले जात, आणि ज्या हातावर कुत्रं हनुवटी टेकवेल त्याच्याबरोबर ते जाई. वैजयंतीला ही रीत माहीतच नव्हती. ती विंगेत संहितेची पानं गोळा करत राहिली. बाहेर आली तेव्हा मुकादमची हनुवटी एका म्हाताऱ्याच्या हातावर होती.

"शहाजीबाबा, म्हातारं हाय हां ते," वेणूबाई सांगत होती.

"मंग मी काय तरना हाय? मार्केटात पोती उचलून पाठ गेली माजी. ह्यानं बी मार्केट बगितलंय. बसू दोगं." शहाजीबाबांनी त्याच्या गळ्यात दोरी अडकवली. सुतळीची, पोत्याची.

वैजयंतीचा हात पर्समधल्या पट्ट्यावर गेला. वेणूबाईचं लक्ष गेलं. ती जवळ आली, आवाज खाली करून म्हणाली, "ताई, तुमास्नी हवा व्हता का? सांगा. बाबास्नी मी समजावते."

शहाजीबाबा फाटकापाशी पोचले होते. ते फाटक बाहेर ढकलत होते आणि ते हलत नव्हतं. मुकादम त्यांच्या पायाशी बसला. सुस्कारा सोडला. मग त्याने डावीकडे बघितलं. मांडवाच्या खांबापाशी उभ्या असलेल्या तिच्याकडे, कान किंचित पुढे.

ती काही बोलली नसती तर तो उठला नसता. तिला ते पक्कं माहीत होतं.

मग तिला त्याची शेपटी दिसली. मान तिच्याकडे होती, पण शेपटी म्हाताऱ्याच्या चपलेवर हळूहळू आपटत होती. हे काही सुधीरचं नव्हतं. हे मुकादमचं एकट्याचं होतं.

"हे तर आत उघडतं," ती म्हणाली.

"आँ? आसं व्हय!" शहाजीबाबांनी फाटक आपल्याकडे ओढलं. मुकादम उठला आणि मागे न बघता त्यांच्याबरोबर रस्त्याला लागला.

मंडळी मांडव सोडायला लागली. आशुतोषने "काकू, रिक्षा आली" म्हणून हाक मारली. वैजयंती शेडमध्ये गेली. मुकादमचा पिंजरा उघडा होता, आत वाटी आणि चुरगळलेलं पोतं. बाकीची कुत्री झोपली होती.

ती वळली तेवढ्यात मागून, रिकाम्या पिंजऱ्यातून, नाकातून सोडल्यासारखा लांब श्वास आला.

ती टाकीपाशी जाऊन उभी राहिली, पिंजऱ्याच्या डावीकडे. संहिता उघडली, त्या वाक्यावर बोट ठेवलं आणि पुन्हा ऐकू येतं का म्हणून थांबली.