खेळ नसलेल्या महिन्यांची वही

मित्रांनो, मी निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानांची वही. माझे एकही पान आता कोरे नाही, पण माझ्यात ना गणिते आहेत ना निबंध. माझ्यात आहे बेसबॉल, आणि तोही ज्या महिन्यांत बेसबॉल खेळत नाहीत त्या महिन्यांतला.

कारखान्यातले दिवस मला आठवत नाहीत. आठवते ते नेदरलँड्समधल्या रायस्वाइक गावातले हेमा नावाचे दुकान आणि २००५ सालचा ऑक्टोबर. तीन बायका माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांतली एक पाटी वाचून हसत होती, कारण तिच्या मावशीचे नाव हेमा होते. ती जयंती. मूळची पुण्याची, नवऱ्याला, शैलेंद्रला, इथे आयटीत नोकरी लागली म्हणून आलेली. दुसरी ट्रूस, सत्तरीला टेकलेली. ती जयंतीला डच शिकवायची आणि गावातल्या बेसबॉल क्लबच्या सामन्यांची अधिकृत नोंद ठेवायची. तिसरी मिलेना, रुग्णालयात परिचारिका. कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावरून ती आणि तिचा भाऊ लहानपणीच इकडे आले होते.

“वर्गात बसून भाषा येत नसते, मैदानावर चल,” असे म्हणून ट्रूसने जयंतीला वसंतात सामन्याला नेले होते. क्रिकेटवर वाढलेली जयंती एका उन्हाळ्यात या खेळाच्या पुरती नादी लागली. शेजारच्या बाकावरची मिलेना मैत्रीण झाली. मग मोसम संपला आणि मैदानाच्या फाटकाला कुलूप लागले.

“आता एप्रिलपर्यंत करायचं काय?” जयंतीने विचारले.

“लिहायचं,” ट्रूस म्हणाली आणि तिने मला उचलले.

नियम एकच ठरला. मी प्रत्येकीकडे आठवडाभर राहायचे आणि रविवारी पुढच्या घरी जायचे. जयंतीने पहिल्या पानावर वरती ‘श्री’ लिहिले. हा कोणत्या संघाचा खेळाडू, असे ट्रूसने गंभीरपणे विचारले.

मित्रांनो, काय सुखाचे दिवस होते ते! प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, सायकलच्या टोपलीत बसून मी पावसापाण्यात तीन घरे फिरत होते. इथला फलंदाज धावताना बॅट टाकून का देतो, यावर जयंतीने चार पाने लिहिली. शब्द अडला की ती सरळ मराठी लिहायची. ट्रूस लाल पेन्सिलीने तिचे डच सुधारायची. मिलेना कोपऱ्यांत खेळाडूंची नाके काढायची. माझ्यासाठी तिघी रविवारची वाट पाहत. एखाद्या वहीला आणखी काय हवे?

जानेवारीत मात्र घात झाला. मिलेनाने तिच्या भावाचा, रुबेनचा, १९९४ सालचा एक फटका लिहून काढला. या खेळात चांगला फटका मारून फलंदाज पहिल्या बेसवर, म्हणजे धावण्याच्या पहिल्या टप्प्यावर, पोहोचला तर तो त्याच्या नावावर जमा होतो. क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू सुटला म्हणून पोहोचला, तर ती क्षेत्ररक्षकाची चूक ठरते. काय ते नोंद ठेवणारा ठरवतो. ट्रूसने त्या दिवशी चूक नोंदवली होती. त्या एका फटक्यासाठी रुबेनचे वर्षातल्या सर्वोत्तम फलंदाजाचे बक्षीस हुकले. ‘माझ्या भावावर अन्याय झाला,’ मिलेनाने लिहिले.

‘मी पाहिले ते नोंदवले,’ ट्रूसने खाली एवढेच लिहिले.

ते वाचून मिलेनाने मला मिटले आणि खिडकीत ठेवून वर फुलझाडाची कुंडी ठेवली. तीन रविवार गेले. कुंडीच्या पाण्याने माझ्या पुठ्ठ्यावर गोल डाग पडला. मला वाटले, आपले आयुष्य संपले.

चौथ्या रविवारी दार वाजले.

“वही दे,” जयंती म्हणाली.

“ट्रूसला हवी असेल तर ती येईल.”

“ट्रूसला नाही, मला हवी आहे. माझा आठवडा आहे.”

मिलेनाने कुंडी बाजूला केली आणि मला तिच्या हातात दिले.

घरी शैलेंद्र म्हणाला, “दोघींच्या भांडणात तू कशाला पडतेस? आणि तेही डचमध्ये?”

“डचमध्ये मला भांडता येत नाही,” जयंती म्हणाली, “म्हणून तर मीच बरी.”

तिने माझ्या कोऱ्या पानावर मैदान आखले आणि खाली लिहिले, ‘तेव्हा तुम्ही कुठे होता आणि डोळ्यांनी काय पाहिलंत, एवढंच लिहा. चूक कोणाची, ते लिहू नका.’

मी मिलेनाकडे परत आले, तेव्हा तिने पेन उचलले. मग लिहिले, ‘मी उपाहारगृहाच्या खिडकीत कॉफी देत होते. ओरडा ऐकून वळले, तेव्हा रुबेन बेसवर पोहोचलेला होता.’

ट्रूसने ते वाचले. तिचे अक्षर नेहमी ताठ. त्या दिवशी ते वाकडे पडले. ‘ऊन डोळ्यांवर होते. चेंडू मला दिसलाच नाही. लोक हळहळले, त्यावरून मी चूक नोंदवली. अकरा वर्षे हे कोणाला सांगितले नाही.’

जयंतीच्या स्वयंपाकघरात, समोर पोह्यांची बशी असताना, मिलेनाने हे वाचले. जयंतीचा जीव टांगणीला लागला. मग मिलेना इतकी हसली की तिला ठसका लागला.

“म्हणजे न पाहिलेल्या चेंडूवरून आम्ही दोघी भांडत होतो,” ती म्हणाली आणि मला काखेत घेऊन तशीच ट्रूसकडे निघाली.

काही वर्षांपूर्वी कुरासावला परत गेलेला रुबेन जुलैत भेटीला आला. ट्रूसने तोवर नोंदीचे काम सोडले होते. चौघे सामना पाहायला एका बाकावर बसले होते. त्याने ती पाने वाचली, पेन मागितले आणि उरलेल्या जागेत लिहिले, ‘चेंडू सरळ क्षेत्ररक्षकाच्या हातमोज्यात गेला होता आणि सुटला. चूकच होती.’

“इतकी वर्षं मी तुझ्या बाजूने बोलतेय,” मिलेना म्हणाली.

“तू मला कधी विचारलंच नाहीस,” रुबेन म्हणाला.

ट्रूस आधी हसली, मग सगळेच. त्या हसण्यात मैदानावर कोणीतरी जोरदार फटका मारला आणि तो त्या बाकावरच्या एकानेही पाहिला नाही.

आता माझी पाने भरली आहेत. पुढच्या हिवाळ्यात लाल पुठ्ठ्याची माझी धाकटी बहीण घरोघर फिरू लागली. मी जयंतीच्या फळीवर असते. मित्रांनो, तुमच्याकडेही कोणी मिळून लिहिलेली अशी एखादी वही असेल. तिला ओल लागू देऊ नका, तिची पाने फाडू नका. आणि लिहिणाऱ्यांनी एकमेकांशी बोलणे सोडले, तर तिला खिडकीत पडू देऊ नका. आपला आठवडा आहे म्हणावे आणि तिला घरी घेऊन यावे.