दाबून धरणारं माणूस

पोहायला शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळे ‘कोच’ म्हणायचे, घरी नवरासुद्धा. उभा जन्म तलावाच्या काठी उन्हात गेलेला. त्यामुळे नाकाच्या कडेला चकचकीत फोड उठला तेव्हा त्यांनी त्याला मोजलंच नाही. पण तो खपली धरायचा आणि पुन्हा रक्ताळायचा. शेवटी त्याचा तुकडा काढून तपासला आणि त्वचेचा कॅन्सर निघाला.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. हा प्रकार हळू वाढणारा, सहसा दुसरीकडे न पसरणारा. तेवढीच जागा बधिर करून गाठ काढायची, शेजारची कातडी ओढून टाके घालायचे, की दुपारी घरी. अडचण एकच होती. कोच हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी घेत होत्या आणि ती थांबवून चालणार नव्हतं.

“घरी रक्त येऊ लागलं तर जखम घट्ट दाबून धरणारं कोणी असेल तर ॲडमिट व्हायची गरज नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “नसेल तर एक रात्र इथे राहा.”

कोचनी नवऱ्याकडे पाहिलं. तो घड्याळं दुरुस्त करायचा. केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरताना त्याचा हात हलत नसे, पण रक्त दिसलं की गडी आडवा. मुलीच्या जन्माच्या वेळी नर्सना आधी त्यालाच सावरावं लागलं होतं.

नणंदेने तर हेकाच धरला. कॅन्सर म्हटल्यावर दवाखान्यात राहायलाच हवं, आणि दादाच्या भरवशावर तर मुळीच नको. कोचही मान डोलवत राहिल्या. नवऱ्याचा जीव कशाला टांगणीला लावायचा? मनातून मात्र त्यांना आपलंच अंथरूण हवं होतं.

जेवताना नवऱ्याने ताटावरची नजर न उचलता विचारलं, “तुला कुठे राहायचंय? माझं सोड.”

“घरी.”

“मग घरीच.”

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तो दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन बसला. पहिलीच जखम बघून घामाघूम झाला, भिंतीला टेकला. नर्स हसली नाही. तिने पाणी दिलं आणि पुन्हा जवळ बोलावलं. खेपा घालून तो शिकला: बसून दाबायचं, मध्येच उचलून बघायचं नाही, तरीही रक्त थांबलं नाही तर थेट इथे यायचं.

ऑपरेशन सुरळीत पार पडलं. संध्याकाळी घरी कोचची पट्टी लाल होऊ लागली. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने स्टूल ओढलं, बसला आणि कापसाची घडी ठेवून दाबलं.

“पडाल हं,” कोच पुटपुटल्या.

“पडलो तर तुझ्याच अंगावर पडेन. बोलू नकोस, टाके हलतील.”

रक्त थांबलं. मग मात्र तो फरशीवर लांब झाला आणि कोचनी खुर्चीतूनच त्याला वर्तमानपत्राने वारा घातला.

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला. गाठ पूर्ण निघाली होती, आता अधूनमधून तपासणी तेवढी करायची. टाके निघाल्यावर जखम भरली, तशा कोच रुंद टोपी घालून, ऊन लागू नये म्हणून मलमाने नाक पांढरं करून तलावावर गेल्या. मुलं नाकाला हसली. कोचनी त्यांना हसू दिलं आणि मग पाण्यात उतरवलं.