नाव डब्यात

"नाव डब्यात टाक आधी," बाबा म्हणाले.

सहावीतल्या जुईलीने गळ्यातलं शाळेचं ओळखपत्र काढून टेबलावरच्या स्टीलच्या डब्यात टाकलं. "काका, माहं नाव तं तुमाले माईत आहे."

"मले माईत आहे. त्या कम्प्युटरले काहून पाहिजे?"

पोरं हसली. अकोल्याच्या आमच्या वाचनालयात बाबा ग्रंथपाल होते, आणि ओळखपत्र डब्यात टाकल्याशिवाय ते कुणाला कम्प्युटरपुढे बसू देत नसत. भिंतीवर त्यांच्या अक्षरातली पाटी होती : 'आपलं नाव सांगायचं नाही. मैत्रिणीचंही नाही.'

मी अमरावतीला कॉलेजात शिकवते. त्या मंगळवारी सुट्टी होती म्हणून मी त्यांचं जेवण घेऊन आले होते.

थोड्या वेळाने जुईली त्यांच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. गेम खेळताना कुणीतरी तिच्याकडे फोटो मागत होतं. फोटो तिने दिला नव्हता, पण शाळेचं नाव सांगून बसली होती.

"काका, घरी सांगसान?"

"सांगू. मी येतो तुह्यासंगं. चूक तुही नाही, मांगणाऱ्याची आहे. तू बोलली, हेच लय झालं."

त्यांनी तो मजकूर कागदावर उतरवून घेतला, गेम बंद केला, मग हात धुऊन जेवायला बसले. मान वर न करताच म्हणाले, "रमे, तू काही म्हणत होती का?"

मी नुसती भाजी वाढत होते.

"नाही. पोळी घ्या आणखी."

"दे अर्धी."

बुधवारी सकाळी वाचनालय उघडताना ते पायरीवरच कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत गेले होते.

मी आठवीत होते तेव्हा वाचनालयात एकच कम्प्युटर होता. दुपारी बाबा कुलूप लावून जेवायला घरी येत आणि किल्ली खुंटीला अडकवून घटकाभर आडवे होत. तेवढ्यात मी किल्ली काढून पळायची. चॅटवर मला एक 'दहावीतली मुलगी' भेटली होती. तिला माझं नाव सांगायची मला भीती वाटली, म्हणून मी माझ्या वर्गातल्या आरतीचं सांगितलं. शाळाही सांगितली.

चार दिवसांनी चाळिशीचा एक माणूस शाळेच्या फाटकाशी आरतीची चौकशी करू लागला. लोकांनी त्याला पकडलं, तेव्हा चॅट वाचनालयातून झाल्याचं बाहेर आलं. 'मी वाचनालयात कधी गेलेच नाही,' असं आरती रडून सांगत होती. तिच्या वडिलांनी तिला मारलं आणि पातूरला मावशीकडे पाठवून दिलं. इकडे बाबांनी वाचनालयाच्या कार्यकारिणीला सांगितलं, "कुलूप लावायचं राहून गेलं माह्याकून." मी दाराआड उभी होते. नंतर घरी त्यांनी मला काहीच विचारलं नाही. फक्त किल्ली खुंटीला लावणं बंद केलं.

पाटी त्याच महिन्यात लागली. पुढे मी शेकडो पुस्तकं वाचली. त्या पाटीवरची दुसरी ओळ मात्र नेहमी न वाचताच पुढे जात राहिले.

तेरावं झाल्यावर वाचनालयात शोकसभा झाली. अध्यक्ष भगवंतराव म्हणाले, "खुशालराव म्हणजे सोन्यावानी माणूस. एकडाव कुलूप लावाले इसरले, तेवढं सोडलं तं बोट ठेवाले जागा नाही."

लोकांनी माना हलवल्या.

आरती पातूरहून आली होती. ती माझ्या शेजारीच बसली होती, मघापासून माझा हात धरून. "रडून घे वं," ती हळूच म्हणाली. "असा बाप कोनाले भेटते?"

समोर टेबलावर तो डबा होता. झाकण उघडं, आत काही नाही.

मी आरतीच्या हातातून माझा हात सोडवून घेतला आणि उभी राहिले.

"बाबा कुलूप इसरले नव्हते," मी म्हणाले. "किल्ली मी नेली होती. आरतीचं नाव मीच सांगतलं होतं."