रोज नववी गल्ली विसरणारा कॉम्प्युटर

कॉलनीच्या ऑफिसात मी गेले ती भांडायलाच. कॉम्प्युटर दुरुस्ती हा माझा धंदा, बजाजनगरात दुकान आहे. पण त्या दिवशी पिशवीतल्या स्क्रूड्रायव्हरपेक्षा डोक्यातला राग जास्त होता.

बीड बायपासच्या पलीकडं शहर वाढलं, पाइपलाइन काही वाढली नाही. त्यात दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष. सगळी कॉलनी टँकरवर. कुठल्या गल्लीत कुणाला किती ड्रम, ही यादी ऑफिस सांभाळणारे साहेबराव रोज सकाळी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर गल्लीवार टाकायचे आणि एक सॉफ्टवेअर ती टँकर भरायच्या विहिरीवरच्या कॉम्प्युटरला आपोआप पोचवायचं. आठ गल्ल्यांच्या याद्या पोचायच्या. आमची नववी नवी, तिची कधी पोचायची, कधी नाही. आठवड्यात पाच दिवस टँकर आमच्या नाकासमोरून निघून गेला.

गल्लीनं निकाल लावून टाकला, साहेबराव आमची यादी मुद्दाम काढून टाकतात, आमचं पाणी चोरतात. सगळ्यात मोठ्यानं म्हणाली माझी अम्मी, रईसा. भर गल्लीत ती त्यांना चोर म्हणाली. अध्यक्ष मंदाररावांनी त्यांना हे सुधारायला शनिवारपर्यंतची मुदत दिली, नाहीतर दुसरा माणूस ठेवणार. साठीतला माणूस चोर ठरून घरी बसणार होता, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. मीही त्यांना चोरच समजत होते.

"बरं झालं आलीस, गजाला," साहेबराव म्हणाले. "ध्यानात आलं की मी नववी जोडतो. दुसऱ्या दिवशी बघावं तर गायब. लई डोकं लावलं, कळंना."

जोडायची म्हणजे या गल्लीचा फोल्डरही पाठव, असं सॉफ्टवेअरला सांगायचं. मी स्वतः जोडला. यादी लगेच गेली. मग मी तिथंच ठाण मांडलं. चोर रंगेहाथ पकडायचा होता.

सहा वाजता साहेबराव उठले, खिडक्या लावल्या आणि भिंतीवरचं विजेचं मेन खटकन खाली ओढलं. स्क्रीन काळी झाली.

"काका, कॉम्प्युटर चालू होता."

"असू दे. मेन पाडल्याबिगर मी कुलूप लावत नाय. गंगापूरला जिनिंगमध्ये होतो. एकदा मेन तसंच राहिलं माझ्याकडून. सगळा कापूस जळाला, पोरी."

मी मेन वर केलं, कॉम्प्युटर लावला. गल्ल्या आठच. आता सगळं उमगलं. हे सॉफ्टवेअर नीट बंद केलं तरच आपल्या सेटिंग लक्षात ठेवायचं. आठ गल्ल्या जोडणाऱ्या माणसानं ते नीट बंद केलं होतं. त्यानंतर कुणीच नाही.

"म्हंजे चूक माझीच की," साहेबराव खुर्चीत बसले. चेहरा पार उतरला त्यांचा. मला माझीच लाज वाटली.

"सॉफ्टवेअरची चूक," मी म्हणाले. "तुम्ही मेन पाडाच. फक्त आधी हे बंद करायचं, मग कॉम्प्युटर, मग मेन."

नववी पुन्हा जोडली आणि त्यांच्याकडून तीनदा करून घेतलं. तिसऱ्यांदा त्यांनी एकट्यानं केलं. पुन्हा उघडलं तर नववी जागेवर. मी तिथूनच मंदाररावांना फोन लावून सगळं सांगितलं आणि त्यांनी मुदत मागं घेतली.

दुसऱ्या दिवशी अकराला टँकर आमच्या गल्लीत वळला. ड्रम भरले, अम्मीनं ओढणीला हात पुसले.

"चल, उनके पास ले चल."

"फोन लावून देते की."

"चोर मैं गल्ली के सामने बोली थी. माफी फोन पे कैसी?"

आणि ती दारोदार हाका मारत निघाली, चला गं, सगळ्या चला.

बायकांचा घोळका बघून साहेबराव उठून उभे राहिले. पुन्हा भांडण आलं असं त्यांना वाटलं असणार. अम्मीनं हात जोडले.

"चुकलं माझं, भाऊ. चोर नाय तुम्ही."

 साहेबराव घाईघाईनं आम्हाला बसायला खुर्च्या सरकवू लागले. आम्ही चौदा जणी होतो, आणि खुर्च्या दोन.