नागिसाचा उजवा हात

नेरिमातल्या एका लहानशा अ‍ॅनिमेशन स्टुडिओत त्या सकाळी नागिसा कितात्सुमे वाऱ्यावर उडणारे केस काढत बसली होती. मालिकेतली मुलगी टेकडीवरून धावत खाली येते, एवढाच प्रसंग. पण पडद्यावर क्षणभर दिसणाऱ्या त्या धावण्यासाठी चित्रामागून चित्र काढावं लागे. मनगटाला औषधी पट्टी आणि डाव्या हातात भाताचा अर्धवट खाल्लेला गोळा, ओनिगिरी, अशी तिची न्याहारी चालली होती.

"अगं, आधी खाऊन तरी घे," शेजारच्या टेबलावरून थोरली बहीण फुमिनो म्हणाली. "त्या मुलीच्या केसांना शितं लागतील."

"लागू देत. कोंडा म्हणून खपवू!" नागिसा हसली. मग कपाळ दाबत हळूच म्हणाली, "ताई, आजही डोकं ठणकतंय गं. डॉक्टरकडे जाऊन येऊ?"

फुमिनोने स्टुडिओचे मालक कुरामोची सरांकडे पाहिलं. वडील गेले तेव्हा सर त्यांच्या गावी निइगाताला आले होते, अस्थी उचलायला या दोघींच्या बरोबरीने उभे राहिले होते. "आता या माझ्या मुली," असं ते आईला म्हणाले होते. फुमिनोने तो शब्द मनात जपून ठेवला होता.

"जा ना, कोण अडवतंय?" सर मायेने म्हणाले. "एवढा भाग हातावेगळा कर आणि खुशाल जा. घरचं काम आहे, पोरी. घरच्या कामातून कोणी सुट्टी मागतं का?"

या धंद्यात रीतच अशी पडली आहे, की ज्याला कामाची आवड आहे त्याने दुखण्याचं नाव काढायचं नाही. फुमिनोही बहिणीला म्हणाली, "आटप एवढं. मग मीच नेते तुला."

दुपारी नागिसा पाणी प्यायला उठली आणि जिन्यात कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला.

सर फळांची टोपली घेऊन इस्पितळात आले. नागिसाच्या उशाशी बसून रडले. फुमिनोला वाटलं, आपलं माणूस आलं. मग त्यांनी तिला बाहेर बोलावलं.

"उद्या कामगार खात्याचा माणूस चौकशीला येतोय. त्याला सांग, ती हौसेने कामाला बसायची. आणि ती नोकरीत तरी कुठे होती? चित्रामागे पैसे घ्यायची."

"सर, तुम्ही तर मुलगी म्हणायचात."

"म्हणतोच! म्हणून तर घरातली गोष्ट घरात ठेव म्हणतोय. तिला लहानपणापासून चक्कर यायची, हे मी त्यांना फोनवर सांगून टाकलंय. तूच सांगितलं होतंस ना?"

फुमिनोने ते सांगितलं होतं खरं, वडिलांच्या अंत्यविधीच्या संध्याकाळी, रडता रडता, विश्वासाने.

"पुढच्या मालिकेची मुख्य चित्रकार तू," सर तिच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाले. तिने तो हात बाजूला केला.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत त्या अधिकाऱ्याने सगळ्यांसमोर विचारलं. माना टेबलांवर वाकल्या. फुमिनो उभी राहिली.

"ती हौसेने बसत नव्हती. डोकं दुखतंय म्हणून तिने सुट्टी मागितली. यांनी दिली नाही आणि मीही तिला बसवलं. लहानपणी तिला चक्कर यायची, उपाशी राहिली की. इथे ती रोजच अर्धपोटी असायची."

"फुमिनो!" सर ओरडले. "एवढं केलं तुमच्यासाठी, त्याची ही परतफेड?"

"वडील नव्हते म्हणून तुम्हाला वडील मानलं," ती म्हणाली. "ते आता सोडलं."

आपली पेन्सिल उचलून ती निघाली. मागून कोणी आलं नाही.

इस्पितळात नागिसा डाव्या हाताने चमचा धरायला शिकत होती. सूप सांडत होतं. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "माझा तो टेकडीचा प्रसंग कोण करतंय?"

"नवीन मुलगी घेतलीय. तुझ्याच टेबलावर बसते."

नागिसाने चमचा खाली ठेवला.

"तिची तब्येत कशी आहे, ताई? कोणी विचारलंय का तिला?"

फुमिनोने कोट चढवला आणि जेवणाच्या सुट्टीआधी ती स्टुडिओच्या दाराशी जाऊन त्या नव्या मुलीची वाट पाहत उभी राहिली.