सेंडच्या आधी हात वर

राणीनं शाळेचा कॉम्प्युटर वाचवला, असं राणीला वाटत होतं. चांगलं दोन दिवस वाटत होतं. त्या दोन दिवसांत सातवीतली ही पोरगी अशी मिरवून राहिली होती, की विचारू नका.

साखरा गावाच्या अलीकडं तिचं खेडं. साल दोन हजार सात. शाळेत कॉम्प्युटर एकच. तो आला त्या दिवशी गावातल्या बायांनी त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि मगच उंबऱ्याच्या आत घेतला. चपला बाहेर, हात धुतलेले, तेव्हाच माऊसला शिवायचं. शिकवायला प्रियदर्शनी मॅडम. बाई कडक, पण एकदा हसायला लागली की अख्खा वर्ग लोळायचा. त्यांनी एक अजब कायदा काढला होता. ईमेल लिहा खुशाल, पण सेंड दाबायच्या आधी दोन्ही हात डोक्याच्या वर न्यायचे आणि वर्गानं मोठ्यानं विचारायचं, "कोणाला? कशाला?" उत्तर वर्गाला पटलं तरच हात खाली.

"पण मॅडम, हात वर काहून?" राणीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"हात वर असले की बटन दाबता येत न्हाई, म्हणून. तेवढ्यात डोकं चालतंय," मॅडम म्हणाल्या.

मंगळवारी कॉम्प्युटरवरचं टपाल बघायची पाळी राणीची होती. तेवढ्यात हेडमास्तर संतराम सरांनी मॅडमला ऑफिसात बोलावलं. खोलीत राणी एकटी, आणि नेमकं तेव्हाच ते पत्र आलं. पाठवणारा कोण, कुठला, काही पत्ता नाही. 'हे पत्र अकरा जणांना पाठवा. न पाठवल्यास ज्या कॉम्प्युटरवर उघडलं, तो सात दिवसांत जळून खाक होईल. एकानं हसण्यावारी नेलं, त्याच्या घरचा टीव्हीसुद्धा गेला.'

दुसरं लेकरू असतं तर बोंबलत पळालं असतं. राणीला मात्र अनुभव होता, बरं का! गेल्या दिवाळीत तिच्या पारूआत्याला असंच पोस्टकार्ड आलं होतं. अकरा कार्डं लिहा, नाहीतर म्हैस आटेल. आत्याला लिहिता येत नव्हतं. अकराच्या अकरा राणीनं लिहिली, बोटं दुखेस्तोवर. म्हैस अजून दूध देऊन राहिली होती. याहून मोठा पुरावा आणखी काय पाहिजे?

तिनं शाळेची पत्त्यांची यादी उघडली. बराबर अकरा पत्ते! तिला तर देवच पावला. आता शाळा ईमेल करणार कोणाला? तालुक्याच्या साहेबांना, त्यांच्या वरच्या साहेबांना, त्यांच्याही वरच्या साहेबांना. अकराही पत्ते साहेबांचेच होते. हात वर करायचे तर बघायला कोण होतं तिथं? राणीनं दाबलं सेंड.

बुधवार-गुरुवार लाईटच नव्हती, कॉम्प्युटर उशीच्या खोळीखाली झोपून होता. पण फोनला लाईट लागत नाही. गुरुवारी तालुक्याचे साहेब फोनवर असे कडाडले, की संतराम सर खुर्चीतून उठून उभे राहिले. "वरच्या साहेबांना धमकी पाठवता? उद्या येतो. कॉम्प्युटर उचलतो, आणि त्या मॅडमचं काय करायचं तेपण बघतो!"

राणी ऑफिसच्या दाराशीच होती. म्हणजे वाचवायला गेलो ते आपणच घालवलं? आणि मॅडमलाबी घालवणार?

शुक्रवारी जीप आली. साहेब बूट घालून थेट कॉम्प्युटरच्या खोलीत शिरले, मागोमाग संतराम सर. पोरांनी एकमेकांकडं बघितलं. असला अधर्म कोणी केला नव्हता.

"कोणी पाठवलं ते?"

"जिम्मेदारी माझी आहे," मॅडम म्हणाल्या.

राणीला रडू येत होतं. तरी ती उठली. "न्हाई साहेब. मी पाठवलं. हात वर न करता पाठवलं. मॅडमनं शिकवलं होतं, मीच ऐकलं न्हाई. मला शाळेतून काढा, पण कॉम्प्युटर नेऊ नका."

"ते मी ठरवीन! खेमा!" साहेबांनी ड्रायव्हरला हाक मारली. "वायरी काढ याच्या!"

"एक मिनिट साहेब," मॅडम म्हणाल्या. "आजच लाईट आली. माफीचं पत्र तरी जाऊ द्या." त्यांनी टपाल उघडलं. सगळ्यात वर नवीन ईमेल होतं. बुधवार, संध्याकाळी पाच वाजून बावन्न मिनिटं. पाठवणारे: साहेब स्वतः.

मॅडमनं मोठ्यानं वाचलं. "'हे पत्र अकरा जणांना पाठवा. न पाठवल्यास...'"

पडद्यावर अकरा शाळांचे पत्ते ओळीनं उभे होते. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"ते... घरी नवाच कॉम्प्युटर घेतलाय," साहेब पुटपुटले. "बायको म्हणाली, उगी कशाला जोखीम घ्यायची..."

सगळ्यात आधी संतराम सरांना हसू फुटलं. मग खेमा वायर हातात धरूनच खिदळायला लागला. मग मॅडम, आणि मॅडम हसल्या म्हणजे झालंच. वर्ग बाकांवरून खाली आला. एकटी राणी हसली नाही. तिला साहेबांची खरीच कीव आली होती. कसं वाटतं, ते तिलाच ठाऊक.

"साहेब," ती म्हणाली, "तुमीबी हात वर केले न्हाईत, व्हय?"

साहेबांच्या मनात काय आलं कोण जाणे, ते दाराशी गेले, बूट काढले आणि मोज्यांवर परत आले.

आधी राणीनं ईमेल लिहून अकरा साहेबांची माफी मागितली. मग तिनं खुर्ची सोडली आणि तिथं साहेब बसले. एका बोटानं एकेक अक्षर हुडकत त्यांनी अकरा शाळांना लिहिलं, 'ते पत्र खोटं आहे. मी घाबरून पाठवलं. चूक झाली.' त्यांचा हात माऊसकडं निघाला.

"अंहं!" सगळी पोरं ओरडली.

साहेबांनी दोन्ही हात वर केले.

"कोणाला?" राणीनं विचारलं.

"शाळांना."

"कशाला?"

"तिथली लेकरं घाबरू नयेत म्हणून."

राणीनं वर्गाकडं बघितलं. वर्गाला पटलं होतं.

"खेमाकाका, ती वायर सोडा आता," ती म्हणाली. "दाबा साहेब."