मिठाचं बूच

खंडेनवमीच्या सकाळी हरिणी स्कूटरवर पायांशी भला मोठा कोहळा ठेवून हेब्बाळच्या रस्त्याने येत होती, आणि तिला उगीचच गाणं म्हणावंसं वाटत होतं. कंपन्यांच्या बसगाड्यांना केळीचे खुंट, दुचाक्यांना झेंडूचे हार; सगळा कारखानदारी भाग नटूनथटून लग्नाला निघाल्यासारखा दिसत होता. तिच्या वडिलांच्या, तिरुमलरावांच्या, वर्कशॉपमध्येही आज पूजा होती. तिथेच मागच्या शेडमध्ये हरिणीचं नळ्यांचं एक भलंथोरलं वेटोळं होतं, आणि त्यातून महिनोन् महिने वितळलेलं मीठ फिरत होतं.

हे मीठ आमटीतलं नव्हे, बरं का. थोरियमची अणुभट्टी करायची तर इंधन ज्या वितळलेल्या मिठात विरघळवतात, त्याचा हा गरीब चुलतभाऊ; थोरियमचा कणही नसलेला. थोरियम आपल्या किनाऱ्यांच्या वाळूत हवं तेवढं पडलंय. छळतं ते हे मीठ! गरम असलं की नळ्या कुरतडतं, गार झालं की नळीतच दगड होऊन बसतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

कुरतडण्यावर हरिणी नवा मिश्रधातू तपासत होती. दगड होण्यावर तिने केलं होतं बूच: तळाच्या नळीत पंख्याने गार ठेवलेला मिठाचाच गोळा. वीज गेली की पंखा थांबणार, बूच वितळणार आणि सगळं मीठ आपसूक खालच्या टाकीत उतरणार. निदान कागदावर तरी. तपासणी समिती कधीपासून म्हणत होती, वीज तोडून दाखवा. हरिणी म्हणायची, पुढच्या महिन्यात. बूच वितळायच्या आधी नळ्यांतलंच मीठ गोठलं तर दोन वर्षांची मेहनत मातीत जाणार होती.

कोहळा छातीशी धरून ती शेडमध्ये शिरली. शेड गप्प. पंख्याची घरघर नाही, काही नाही. मेन स्विचचा दांडा खाली, त्याला हळदकुंकू, वर एक जास्वंद!

हातातला कोहळा फटकन जमिनीवर फुटला.

"अय्यो, आत्ताच फोडलास?" तिरुमलराव ओरडले. "मंगळारती इन्नू आगिल्ला! आरती व्हायचीय की अजून!"

"अण्णा, मेन का काढलात?"

"खंडेनवमी ना ग! वर्षातून एक दिवस यंत्रांना विश्रांती. आत्ताच, स्वल्प वेळ झाला."

हरिणी दांड्याकडे धावली आणि थबकली. आता वीज आली तर पंखा सुरू होऊन अर्धं वितळलेलं बूच पुन्हा गोठणार. म्हणजे आता फक्त वाट बघायची.

खालची टाकी एका जुन्या वजनकाट्यावर उभी होती. त्याला वीज लागत नव्हती. हरिणी त्याच्यासमोर उकिडवी बसली. आरतीचं ताट घेऊन आलेली आई, तुंगाबाई, तिच्यामागे वाकली, तिच्यामागे तिरुमलराव आणि त्यांच्यामागे कपाळाला कुंकू लावलेले सगळे कामगार. काटा ढिम्म.

"बा बा," तुंगाबाई काट्याला म्हणाल्या. "ये रे राजा."

काटा थरथरला. परत ढिम्म. आणि मग नळीत गुळगुळ झालं, आणि काटा असा सुटला की बास! शेडभर आरडाओरडा. तुंगाबाईंनी घंटा बडवायला घेतली. हरिणी उड्या मारत, पान्याने नळ्यांवर ठोके देत फिरली. वरपासून खालपर्यंत पोकळ, सगळ्या पोकळ! एका कामगाराने शिट्टी मारली. तिने वडिलांना मिठी मारली, दोन गिरक्या घेतल्या आणि कोहळ्याच्या गरावरून घसरून धपकन बसली.

"अण्णा," हसण्यातून तिला धड बोलता येईना, "माझं सगळं गोठलं असतं तर? तुम्हाला भीती नाही वाटली?"

"कसली भीती?" तिरुमलराव खरोखरच गोंधळले. "रोज जेवताना तूच सांगतेस की, वीज गेली तरी मीठ आपलं आपण खाली उतरतं म्हणून. म्हणून तर काढलं. खोटं सांगत होतीस काय?"

हरिणीचं हसू थांबलं, आणि डोळे भरून आले.

"नाही अण्णा, खरंच सांगत होते," ती म्हणाली. "मलाच ते खरं वाटत नव्हतं."